माया दिनगणना, २१ डिसेंबर २०१२ आणि पुन्हा पसरणारी भीती

खडूफळा

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सातवीतली एक विद्यार्थिनी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिने मोठ्या भावाच्या मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या कॅलेंडरात जगाच्या अंताची तारीख लिहिलेली आहे, २०१२ ही तारीख हिशेबाच्या चुकीने काढली गेली आणि खरी तारीख अजून यायची आहे, असे तीत सांगितले होते. तिने मला विचारले, "सर, मग आमची दहावी होणार की नाही?"

हा प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. डिसेंबर २०१२ मध्ये आठवीतल्या एका मुलाने असेच विचारले होते आणि मी हसून म्हणालो होतो, "असे काही नसते, जा, अभ्यास कर." तो मुलगा गुरुवारी आणि शुक्रवारी, म्हणजे २० आणि २१ तारखेला, शाळेत आला नाही. त्या दोन दिवशी त्याला आईजवळ राहायचे होते, हे मला सोमवारी कळले. माझे ते हसणे मला आजही बोचते. म्हणून या वेळी मी तिच्याकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली आहे.

माया लोकांनी नेमके काय लिहून ठेवले आहे, २१ डिसेंबर ही तारीख कुठून आली आणि "हिशेबाची चूक" या म्हणण्यात काही तथ्य आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. बारा वर्षांच्या मुलीला हे कसे सांगावे, हाही माझा प्रश्न आहेच.

कालगणक

सर, आपण मुदत मागून घेतली हे फार चांगले केले. मी दिनगणनेपुरते सांगतो, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

ज्या गणनेवरून हे सारे उठले, ती महिने आणि वर्षांची नाही, ती सलग दिवसांची आहे. इंग्रजीत तिला "लाँग काउंट" म्हणतात. आपण दीर्घगणना म्हणू. एक दिवस म्हणजे किन. २० किनांचा एक विनाल. १८ विनालांचा एक तुन, म्हणजे ३६० दिवस. २० तुनांचा एक कातुन, म्हणजे ७,२०० दिवस आणि २० कातुनांचा एक बाक्तुन, म्हणजे १,४४,००० दिवस. एक पायरी सोडली तर सगळीकडे विसाचा पाढा आहे. आपल्याकडे जुनी माणसे "तीन विसा आंबे" म्हणत, तसाच हा विसाविसांचा हिशेब आहे. एकासाठी टिंब, पाचासाठी आडवी रेघ आणि शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह, एवढ्या सामग्रीवर ते हा आकडा दगडात कोरत.

गणनेचा आरंभ आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मागे मोजल्यास इसवी सनपूर्व ३११४ मधल्या ११ ऑगस्टला येतो. तिथून १३ बाक्तुन, म्हणजे १८,७२,००० दिवस मोजले की २१ डिसेंबर २०१२ हा दिवस येतो.

वर्गात करून दाखवण्यासारखे एक उदाहरण देतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा आरंभापासून १८,५२,७७३ दिवस झाले होते. त्यातून १२ बाक्तुनांचे १७,२८,००० वजा करा, १,२४,७७३ उरतात. १७ कातुनांचे १,२२,४०० वजा करा, २,३७३ उरतात. ६ तुनांचे २,१६० गेले की २१३, आणि १० विनालांचे २०० गेले की १३ दिवस शिल्लक राहतात. म्हणून त्या दिवसाची माया तारीख १२.१७.६.१०.१३ अशी होते. या रीतीने कोणताही दिवस लिहिता येतो. २१ डिसेंबर २०१२ हा १३.०.०.०.० आणि दुसरा दिवस १३.०.०.०.१.

रानवारा

कालगणक, मी तुमच्या उदाहरणावरून आमच्या लग्नाची तारीख काढून पाहिली आणि ती जमली. परंतु माझी शंका अशी की गणना सगळीकडे विसावर जात असेल, तर बाक्तुनांच्या बाबतीत १३ लाच एवढे महत्त्व का दिले जाते? तिथे काहीतरी संपते, असे मानायला मग जागा राहते ना?

शिलालेख

रानवारा यांची शंका रास्त आहे आणि तिला मोघम उत्तर देऊ नये. मी मध्य अमेरिकेच्या प्राचीन लिपीचा हौशी अभ्यासक आहे.

तेरा हा आकडा माया लोकांना पवित्र होता. त्यांचे २६० दिवसांचे जे दुसरे चक्र आहे, ते १३ अंक आणि २० दिवसनावे यांच्या जोडीने बनते. सध्याच्या सृष्टीचा आरंभदिवसही त्यांनी १३.०.०.०.० असाच लिहिला आहे. ग्वाटेमालातल्या किरिग्वा येथील एका शिलास्तंभावर त्या दिवशी तीन दगड मांडले गेल्याची कथा कोरलेली आहे. म्हणजे तेरा बाक्तुन भरणे ही त्यांच्या दृष्टीने मोठी पूर्ती होती, यात संशय नाही. मात्र पूर्ती आणि अंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"माया लेखांत २०१२ चा उल्लेखच नाही" असे काही जण उत्साहाच्या भरात लिहितात. तेही बरोबर नाही. मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात तोर्तुगेरो नावाचे स्थळ आहे. तिथल्या सहाव्या क्रमांकाच्या शिलालेखाच्या शेवटी तेरावा बाक्तुन पूर्ण होण्याचा उल्लेख आहे. सातव्या शतकात तिथल्या राजाने एक वास्तू बांधली, तिच्या निमित्ताने हा लेख कोरला गेला. बोलोन योक्ते नावाच्या देवतेचा त्या दिवसाशी संबंध जोडलेला आहे. दगडाचा काही भाग फुटल्यामुळे वाक्य पूर्ण वाचता येत नाही. जेवढे वाचता येते, त्यात आग, पूर, भूकंप किंवा विनाश यांचा शब्द नाही.

दुसरा उल्लेख ग्वाटेमालातल्या ला कोरोना येथे खुद्द २०१२ मध्येच सापडला. कालाकमुल या माया राज्याच्या राजाला ६९५ मध्ये तिकाल या दुसऱ्या माया राज्याकडून पराभव पत्करावा लागला. त्यानंतर, ६९६ मध्ये, तो आपल्या मित्रराज्याला भेट द्यायला आला, त्या प्रसंगाचा तो लेख आहे. तेरा कातुनांची पूर्ती त्याच्या कारकिर्दीत झाली होती. ती त्याने पुढच्या तेरा बाक्तुनांच्या पूर्तीशी जोडली. हरलेला राजा आपले राज्य काळाच्या एवढ्या मोठ्या चौकटीत घट्ट बसलेले आहे, असे मित्रांना सांगत होता. हा राजकीय मजकूर आहे, भाकीत नव्हे.

तिसरी गोष्ट मला निर्णायक वाटते. मेक्सिकोतल्या पालेंके येथील शिलालेखांच्या मंदिरात पाकाल या राजाच्या ६१५ मधल्या राज्याभिषेकाचा एक वर्धापनदिन आगाऊ काढून ठेवला आहे. तो इसवी सन ४७७२ मध्ये येतो! वीस बाक्तुन भरून वरचे एकक सुरू होते, त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी. म्हणजे रानवारा, तिथेही गणना विसावरच जाते, तेराव्याला थांबत नाही. जग २०१२ मध्ये संपणार असे त्या लेखनिकांना वाटत असते, तर त्यापुढच्या २,७६० वर्षांनंतरचा उत्सव त्यांनी दगडात कोरला नसता.

पंचांगप्रेमी

पाकालचा लेख वाचून मला आपला संकल्प आठवला. घरी सत्यनारायणाची पूजा असली तरी गुरुजी पळीभर पाणी हातावर घेऊन सुरुवात करतात ती श्वेतवाराहकल्पापासून. मग वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचतुष्क, कलियुगाचा प्रथम चरण, शालिवाहन शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी असे उतरत उतरत ते आपल्या ओसरीवर येऊन पोहोचतात. आजचा छोटासा दिवस अफाट काळात नेमका कुठे आहे, हे सांगण्याची ती रीत आहे. राजाने आपला राज्याभिषेक बाक्तुनांच्या मोजणीत बसवणे मला त्याच जातीचे वाटते.

पूर्तीविषयीही आपल्याकडे ठसठशीत उदाहरण आहे. एक हजार पौर्णिमा पाहून झाल्या की आपण सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतो. आजोबांना ओवाळतो, दिवे लावतो, आणि दुसऱ्या दिवशी ते एक हजार एकाव्या चंद्राकडे चालू लागतात. साठ संवत्सरांचे चक्रही पाहा. शेवटच्या संवत्सराचे नावच "क्षय" आहे. शके १९०८ मध्ये ते होते आणि १९०९ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे १९८७ साली, "प्रभव" सुरू झाले. नावात क्षय आहे म्हणून कोणी पाडव्याची गुढी उभारायचे थांबले नाही. ज्या २०१२ साली जग संपणार होते, ते आपल्या पंचांगात "नंदन" संवत्सर होते.

दिवसांची सलग मोजणीही आपल्याला परकी नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ग्रहलाघव लिहिले. त्यात अहर्गण, म्हणजे आरंभापासून सलग मोजलेल्या दिवसांचा आकडा, फार मोठा होऊ नये म्हणून त्यांनी सुमारे अकरा वर्षांची चक्रे पाडली. चक्र भरले की पुढच्या चक्राचा पहिला दिवस.

जाता जाता एक गोष्ट मांडतो. कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ मानतात आणि माया गणनेचा ३११४. फक्त बारा वर्षांचा फरक! दोन्ही संस्कृतींत काही संबंध असेल का?

कालगणक

संकल्पाची तुलना मी माझ्या वहीत उतरवून घेतली. बारा वर्षांच्या फरकाबाबत मात्र मी सावध राहीन. दोन्ही आरंभदिवस प्रत्यक्ष त्या काळी कोणी नोंदवलेले नाहीत, ते पुष्कळ नंतर मागे मोजून ठरवलेले आहेत. आपल्या सिद्धांतकारांनी सारे ग्रह एका बिंदूपाशी येतात असे गृहीत धरून कलियुगाचा आरंभ काढला, तर माया गणकांनी आपल्या चक्रांच्या आधाराने त्यांचा. दोन माणसांनी वेगवेगळ्या कारणांसाठी मागे मोजले आणि आकडे जवळ आले, एवढ्यावरून नाते जोडता येत नाही. असल्याच जवळिकीवर या चित्रफिती उभ्या असतात, म्हणून हे आवर्जून लिहितो.

मृगशीर्ष

आमच्या आकाशदर्शन मंडळात २०१२ साली लोक जे प्रश्न घेऊन येत, त्यांची उत्तरे इथे ठेवतो. सरांना उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न असे, आकाशगंगेच्या केंद्राशी सूर्याची सरळ रेषा होणार का? सूर्य दर वर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या दिशेजवळून जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर सूर्य मूळ नक्षत्रात शिरतो आणि धुंधुरमास सुरू होतो, ते हेच दिवस. आपण पहाटे उठून बाजरीची भाकरी आणि लोणी खातो, तेव्हा ती "भयंकर रेषा" डोक्यावर नित्यनेमाने आलेली असते. शिवाय ते केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. दक्षिणायन संपण्याचा बिंदू आकाशगंगेच्या मध्यरेषेवर अगदी नेमका येण्याची घटना पाहिली, तर ती गणिताने १९९८ च्या सुमारास होऊन गेली होती. तेव्हा कोणाला कळलेही नाही.

दुसरा प्रश्न निबिरू नावाच्या ग्रहाचा. हा ग्रह माया लेखांत कुठेही नाही. अमेरिकेतल्या एका महिलेने संकेतस्थळावरून तो प्रथम मे २००३ मध्ये आदळणार असे सांगितले होते. तो आला नाही, तेव्हा तारीख डिसेंबर २०१२ वर ढकलण्यात आली आणि तिथे माया कॅलेंडर चिकटवले गेले. एखादा ग्रह काही महिन्यांत पृथ्वीवर येऊन पोहोचणार असता, तर कित्येक महिने आधीपासून तो गच्चीवरून साध्या डोळ्यांना दिसला असता. एवढा मोठा गोल जगभरच्या हजारो हौशी निरीक्षकांपासून लपवून ठेवणे कोणत्याही सरकारला शक्य नाही.

सौर वादळांचा धाकही घातला जात होता. सूर्यडागांच्या त्या चक्राचा कळस २०१४ मध्ये आला आणि तो बराच सौम्य होता.

वानप्रस्थ

मृगशीर्ष यांचे लिखाण वाचून मला १९६२ ची अष्टग्रही आठवली. मी तेव्हा तिसरीत होतो. फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार होते, आणि देशभर यज्ञ आणि जप यांची रीघ लागली होती. आमच्या गावातही देवळासमोर मांडव पडला. आजीने तीन रात्री देवघरातली समई विझू दिली नाही. तेल घालायला ती मला उठवत असे, आणि मी वातीकडे पाहत तिच्या मांडीवर पडून राही. वात फडफडली की माझ्या पोटात गोळा येई.

सहा तारखेला सकाळी आईने नेहमीसारखी चूल पेटवली, इतकेच मला आठवते. पुढे मोठेपणी खगोलशास्त्राची पुस्तके वाचली, तेव्हा उमगले की ग्रह एका राशीत दिसणे म्हणजे ते पृथ्वीवरून एका दिशेला दिसणे; त्यांच्यातली अंतरे कोट्यवधी किलोमीटरच असतात आणि सूर्य-चंद्र सोडून बाकीच्या साऱ्या ग्रहांची मिळून पृथ्वीवरची ओढ चंद्रापुढे नगण्य आहे. ही साधी गोष्ट मला त्या तीन रात्रींत कोणी सांगितली असती, तर फार बरे झाले असते. सर, तुमच्या विद्यार्थिनीला ती वेळेवर सांगा.

उंबरठा

सर्वांचा अभ्यास मान्य करूनही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. प्राचीन लोकांना आकाशाचे ज्ञान आपल्यापेक्षा कमी नव्हते. माया लोकांच्या एका हस्तलिखितात मगरीसारख्या प्राण्याच्या तोंडातून पाण्याचा लोंढा पडतो आहे, असे महापुराचे चित्र आहे. आपल्याकडे मनू आणि मत्स्याची कथा आहे. इतक्या संस्कृतींनी जलप्रलय सांगितला, तर सारे थोतांड म्हणून झटकून टाकणे हा त्या ज्ञानाचा अवमान नाही का?

शिलालेख

उंबरठा, माया लोकांच्या ज्ञानाविषयी तुम्हाला जो आदर आहे, तोच मलाही आहे, आणि म्हणूनच मी तुमच्याशी असहमत आहे.

तुम्ही म्हणता ते चित्र जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथे असलेल्या हस्तलिखिताचे आहे. चित्र खरे आहे. मात्र त्या पानावर १३.०.०.०.० ही तारीख नाही, की २०१२ शी त्याची कसलीही सांगड नाही. त्याच हस्तलिखितात शुक्राच्या उदयास्ताची कोष्टके आणि ग्रहणांची कोष्टके आहेत, आणि तीच त्या लोकांच्या बुद्धीची खरी साक्ष आहेत. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनचे ग्रंथपाल अर्न्स्ट फोर्स्टमान यांनी या कोष्टकांतून दिनगणनेची रीत उलगडली. अशी हस्तलिखिते आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, कारण दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने १५६२ मध्ये युकातानातल्या मानी गावी माया ग्रंथांची होळी केली. ज्यांचे ग्रंथ जाळले गेले, त्यांच्या नावावर आपण आपली भीती लिहून टाकतो, याचे मला फार वाईट वाटते.

२०१२ ला प्रलयाची जोड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य लेखकांनी दिली. १९६६ मध्ये मायकल को या पुरातत्त्वज्ञाने आपल्या पुस्तकात तेराव्या बाक्तुनाच्या शेवटी विश्वाचा नाश होईल असे माया लोक मानत असावेत, असा तर्क केला. पुढे होसे आर्ग्वेयेस यांच्यासारख्यांनी त्यावर नव्या युगाच्या कल्पना रचल्या आणि १९८७ मध्ये त्याचे जगभर मेळावे भरवले. माया लेखांतून हे आलेले नाही.

मे २०१२ मध्ये ग्वाटेमालातल्या शुल्तुन येथील एका छोट्या खोलीतल्या भिंतीवरचे लेखन प्रसिद्ध झाले. नवव्या शतकातल्या गणकांनी चुन्याच्या गिलाव्यावर, कच्च्या वहीत करावे तसे, चंद्राचे आणि ग्रहांचे हिशेब मांडले होते. त्यांतले आकडे सुमारे सात हजार वर्षांचा पल्ला गाठतात. ज्ञानाचा मान राखायचा असेल, तर त्या भिंतीपुढे उभे राहावे.

उंबरठा

मानी गावची घटना मला ठाऊक नव्हती. चित्राचा आणि तारखेचा संबंध नाही, हे मी मान्य करतो. जलप्रलयाच्या कथांविषयी माझे कुतूहल कायम आहे. त्यासाठी मी वेगळा धागा काढीन.

वेलदोडा

मी वाशीच्या बाजारात मसाल्याचा व्यापार करतो. वेलदोड्याच्या निर्यातीत ग्वाटेमाला जगात आघाडीवर आहे, त्यामुळे माझे तिकडे जाणे झाले. कोबानच्या आसपासच्या डोंगरांत वेलदोडा पिकवणारे बहुतेक शेतकरी केक्ची माया आहेत. इथे सारे "माया होते, माया लिहीत" असे भूतकाळात बोलत आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले की ते लोक आजही लाखांनी आहेत, आपल्या भाषा बोलतात आणि मक्याच्या भाकरीला आपण ज्वारीच्या भाकरीला देतो तसाच मान देतात.

२०१३ च्या आरंभी मी एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो होतो. पडवीत ओला वेलदोडा पसरलेला होता आणि भट्टीचा धूर घरभर होता. मी त्याला डिसेंबरातल्या त्या तारखेविषयी विचारले. त्याने माझ्यासमोर मूठभर वेलदोडे धरले, एक सोलला, दाणे काळे भरले आहेत का ते दाखवले आणि विचारले, "तुमच्याकडे पुढच्या वर्षी भाव काय राहील?" मग दुभाष्यामार्फत त्याने सांगितले की त्या दिवशी त्यांनी मेणबत्त्या लावून आणि ऊद जाळून नव्या बाक्तुनाचे स्वागत केले होते. परदेशी पाहुणे घाबरून का आले होते, हे त्याला उमगले नव्हते. त्याच दिवशी तिकालच्या प्राचीन नगरात जमलेल्या गर्दीतले काही जण मनाई असलेल्या मंदिरावर चढले आणि त्या मंदिराला इजा झाली, हे मला तिथेच कळले.

त्या लोकांनी खरा प्रलय पाहिला आहे. १९६० ते १९९६ या काळातल्या यादवी युद्धात तिथे दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ज्यांची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते, असे तिथल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदवले. माझ्या यजमानाच्या घरात भिंतीवर दोन भावांची छायाचित्रे होती. त्यांच्याविषयी मी काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही.

रानवारा

वेलदोडा, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. पाकालपासून तुमच्या यजमानापर्यंतची ओळ मला आजवर कधी जोडता आली नव्हती.

तिथे आज कोणी जुन्या पद्धतीने दिवस मोजते का?

शिलालेख

मोजतात. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, विशेषतः मोमोस्तेनांगो परिसरातल्या किचे लोकांमध्ये, २६० दिवसांची गणना अजून पाळली जाते. ती सांभाळणाऱ्यांना "अह किह" म्हणतात. दिवस राखणारे असा त्याचा अर्थ सांगता येईल. मूल जन्मले, पेरणी करायची, घर बांधायचे, की लोक त्यांच्याकडे जातात.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत. चित्रफितीतली "हिशेबाची चूक" अशी सांगितली आहे की ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारताना अकरा दिवस गळले आणि ते मोजायचे राहून गेले. दुसरी गोष्ट, हे त्या मुलीला कसे सांगावे?

कालगणक

हाच दावा २०२० च्या टाळेबंदीत फिरत होता. तेव्हा तारीख २१ जून २०२० अशी सांगितली गेली. त्या दिवशी भारतातून कंकणाकृती सूर्यग्रहण दिसणार होते, त्यामुळे आधीच धास्तावलेल्या लोकांना ते पटकन पटले. हिशेब असा होता: १७५२ पासून २०२० पर्यंत २६८ वर्षे, दर वर्षी ११ दिवस गळाले, म्हणून २,९४८ दिवस, म्हणजे आठ वर्षे, आणि २०१२ मध्ये आठ मिळवले की २०२०.

यातली गफलत सातवीतले मूल पकडू शकेल. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसाला १४ सप्टेंबर म्हटले गेले, हे खरे आहे. परंतु ते एकदाच घडले. भिंतीवरचे घड्याळ अकरा मिनिटे मागे पडले म्हणून एकदा पुढे केले, तर ते रोज अकरा मिनिटे पुढे करावे लागत नाही. आणि मुख्य मुद्दा असा की त्या दिवसांना नावे काहीही दिली, तरी सूर्य त्या काळात रोज उगवतच होता. दीर्घगणना उगवलेले दिवस मोजते. लीप वर्षाचे दिवस धरले नाहीत, हा आक्षेपही याच कारणाने टिकत नाही.

माया गणना आणि आपली तारीख यांची जोडणी गुडमन, मार्तीनेस आणि थॉम्पसन या तिघांच्या कामातून १९०५ ते १९२७ या काळात ठरत गेली. तिकालच्या मंदिरातल्या एका कोरीव लाकडी तुळईचे वय किरणोत्सारी कार्बनने मोजले असता तिलाच पुष्टी मिळाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पारवा

मी शाळांमध्ये समुपदेशनाचे काम करते. नासाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे २०१२ पूर्वी निबिरूविषयी हजारो प्रश्न आले होते, आणि त्यांत जीव देण्याचा विचार करणाऱ्या मुलांची पत्रेही होती, असे त्यांनी सांगितले आहे. ही भीती प्रौढांना क्षुल्लक वाटते आणि मुलांना ती रात्रभर जागे ठेवते.

सर, तिला प्रथम विचारा की तिला नेमके काय होईल असे वाटते. बहुधा ती आईचे किंवा घराचे नाव घेईल. ते ऐकून घ्या, मध्ये आकडे आणू नका. मग तिच्या हाती काहीतरी करायला द्या. कालगणक यांनी दिलेली वजाबाकी त्यासाठी मला फार योग्य वाटते, कारण तुमच्या शब्दावर तिने विसंबावे यापेक्षा तिने स्वतः मोजून पाहावे हे बरे. आणि मोठ्या भावालाही जवळ बसवा.

खडूफळा

काल शाळा सुटल्यावर दोघा भावंडांना थांबवून घेतले. पारवा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी ऐकून घेतले. तिची आई रात्रपाळीला कारखान्यात जाते. तेव्हाच काही झाले तर आई एकटी असेल, ही तिची भीती होती. भाऊ खाली मान घालून बसला होता. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मग फळ्यावर पाच रकाने आखले. टिंबे आणि रेघा शिकायला तिला दहा मिनिटे लागली. १ मे १९६० चा हिशेब तिने वहीत उतरवून पुन्हा केला आणि तो जमला. त्यानंतर मी तिला तिची जन्मतारीख विचारली. ती ३ जुलै २०१३ निघाली. २१ डिसेंबर २०१२ पासूनचे दिवस दोघांनी मिळून बोटांवर मोजले, फेब्रुवारीत एकदा अडखळले, पुन्हा मोजले आणि १९४ आले. तिने त्याचे ९ विनाल आणि १४ दिवस केले आणि फळ्यावर लिहिले: १३.०.०.९.१४.

लिहून झाल्यावर ती त्या आकड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे मी त्याच्यानंतर जन्मले." आज सकाळी वहीच्या पहिल्या पानावर, नावाखाली, तिने तो आकडा टिंबांनी आणि रेघांनी काढून आणला होता. शून्यांच्या जागी दोन शिंपले होते, आणि आईची जन्मतारीख घरून विचारून आणली होती.